विश्लेषण : वीकेण्ड वर्ध्यात, बिअरशिवाय! दारूबंदीच्या जिल्ह्यात दोन दिवस बघायचं काय, प्यायचं काय?

दिवसा रंगवलेल्या भिंतींसमोर फोटो, संध्याकाळी मायक्रोब्रुअरीत ताजी बिअर आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत. मुंबई, पुणे, बेंगळूरुमधल्या तरुण नोकरदारांचा कमी खर्चातला वीकेण्ड सध्या असाच आखला जातो. हाच बेत वर्ध्याला नेला तर अर्धा आराखडा तिथेच कोलमडतो, कारण संपूर्ण वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. तरीही दोन दिवसांच्या स्वस्त सहलीसाठी विदर्भात वर्ध्याइतकं सोयीचं ठिकाण क्वचितच सापडेल. शिवाय भिंत आणि ग्लास या दोन्ही गोष्टींची इथली कथा आजच्या वीकेण्ड संस्कृतीपेक्षा बरीच जुनी आहे.

मुळात बिअर का नाही?

गांधीजी आणि विनोबांची कर्मभूमी म्हणून वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकात दारूबंदी लागू झाली आणि ती आजही कायम आहे. राज्यात नंतर गडचिरोलीत १९९३ मध्ये आणि चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी आली. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठवण्यात आली. वर्ध्याची बंदी उठवावी, अशी चर्चा अधूनमधून डोकं वर काढते, पण गांधीजींच्या जिल्ह्यात हा निर्णय घेणं कोणत्याही सरकारला सोपं नाही.

पर्यटकाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. जिल्ह्यात बिअर शॉपी, वाइन शॉप, परमिट रूम यापैकी काहीही अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे मायक्रोब्रुअरीचा प्रश्नच येत नाही. ‘नागपुरातून येताना दोन बाटल्या बॅगेत टाकू’ हा विचार अनेकांच्या मनात येतो आणि गोची इथेच होते. महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार दारू विकणं हा जसा गुन्हा आहे, तसंच विनापरवाना ती बाळगणं आणि तिची वाहतूक करणं हाही गुन्हा आहे. राज्यभर लागू असलेला हा कायदा १९४९ चा आहे आणि पुण्या-मुंबईत पिणाऱ्यालाही त्याने परवाना सक्तीचा केला आहे. बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं, तर कडक मद्यासाठी २५ वर्षं. इतर शहरांत या परवान्याकडे कोणी फारसं बघत नाही. वर्ध्यात नाकाबंदीत बॅग उघडली गेली तर तो विषय हसण्यावारी जात नाही.

मग जिल्ह्यात कोणी पीत नाही का? पितात. नदी-नाल्यांच्या काठी लागणाऱ्या मोहाच्या भट्ट्या, शेजारच्या जिल्ह्यांतून चोरट्या मार्गाने येणारा माल, पोलिसांच्या धाडी आणि रस्त्यावर ओतून दिलेला सडवा यांच्या बातम्या स्थानिक पानांवर नेहमीच असतात. गावातली चोरटी विक्री बंद पाडण्यासाठी पोलीस ठाण्यावर धडकणाऱ्या महिलांच्याही असतात. बाहेरून आलेल्याला दारूबंदी ही एक गैरसोय वाटते. संध्याकाळी नवरा कोणत्या अवस्थेत घरी येणार, या धास्तीत दिवस काढलेल्या बाईला ती अपुरी वाटते. दोन दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्याने हे दुसरं टोकही लक्षात ठेवायला हवं, कारण त्याने चोरून घेतलेली बाटली याच साखळीतून येते.

ब्रुअरीत जे घडवतात, तेच नीरेत रोखतात

मायक्रोब्रुअरी म्हणजे जिथे विक्री होते तिथेच लहान प्रमाणात बिअर तयार करणारी जागा. महाराष्ट्रात याची सुरुवात पुण्यात झाली. २००९ मध्ये ‘डूलाली’ ही ब्रुअरी तिथे उभी राहिली आणि पुढे पुणे-मुंबईत अशा जागांची रांग लागली. त्यातली प्रक्रिया थोडक्यात अशी : बार्ली भिजवून, मोड आणून वाळवतात. ती भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात ठेवली की धान्यातल्या स्टार्चची साखर होते. हे गोड पाणी हॉप्स नावाच्या कडवट फुलांबरोबर उकळायचं, थंड करायचं आणि त्यात यीस्ट सोडायचं. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. काचेआड चमकणाऱ्या त्या स्टीलच्या टाक्यांचं काम एवढंच, की यीस्टला हवं ते तापमान मिळावं आणि नको ते जिवाणू आत शिरू नयेत.

आता शिंदीचं झाड घ्या. रात्रभर मडक्यात ठिबकणाऱ्या त्याच्या रसात दहा टक्क्यांच्या आसपास साखर असते. इथे बार्ली भिजवायला नको, स्टार्च फोडायला नको, कारण साखर आयतीच तयार असते. हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट लगेच कामाला लागतं. ऊन चढलं की काही तासांत रसाची ताडी होते आणि तिच्यातलं अल्कोहोल साध्या बिअरच्या जवळपास पोहोचतं. म्हणजे ब्रुअरीत ज्यासाठी लाखोंची यंत्रं लागतात, ते इथे फुकट आणि न मागता घडतं. नीरा विकणाऱ्याची सगळी धडपड ते घडू नये यासाठी असते. मडक्याला आतून चुना लावायचा म्हणजे यीस्टला मानवेल तेवढी आम्लता रसात राहत नाही. रस पहाटे, उन्हाआधी उतरवायचा. लगेच गाळून थंड ठेवायचा. १९४९ च्या कायद्यातही नीरेची व्याख्या वेगळी केलेली आहे : आंबू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या भांड्यात गोळा केलेला, न आंबलेला रस. म्हणजे एकाच झाडाचा रस सकाळी पौष्टिक पेय असतो आणि दुपारी मद्य.

वर्ध्याशी याचा संबंध काय? काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनातील ठरावानंतर डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं मुख्यालय वर्ध्यातल्या मगनवाडीत आलं. जमनालाल बजाज यांनी त्यासाठी आपली बाग आणि घर दिलं. संघाचे सचिव होते अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन यांच्याबरोबरच ताडगूळ हाही संघाचा एक प्रमुख उद्योग होता. गांधीजींचा मुद्दा व्यवहाराचा होता. ताडी बंद केली तर झाडावर चढून पोट भरणाऱ्या माणसाने करायचं काय? त्याने चढणं सोडू नये, फक्त रस आंबण्याआधी विकावा किंवा उकळून त्याचा गूळ करावा, हे त्यांचं उत्तर होतं. दारूबंदीच्या आजच्या वादात ‘बंदी हवी’ आणि ‘बंदी नको’ एवढंच ऐकू येतं. ज्याचा धंदा बुडतो त्याच्या हाताला दुसरं काम देण्याचा हा तिसरा भाग चर्चेतून जवळजवळ गायबच झाला आहे.

याच मगनवाडीत ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. मगनलाल गांधी यांचं नाव दिलेल्या या संग्रहालयात चरख्यांचे प्रकार आणि ग्रामोद्योगाची अवजारं बघायला मिळतात. यंत्रांची आवड असलेल्यांनी इथे तासभर जास्तीचा ठेवावा. एकाच कामासाठी किती तऱ्हेने डोकं लढवलं गेलं, हे त्या चरख्यांच्या रांगेत दिसतं. नैसर्गिक रंगांतली खादीही इथे मिळते.

आणि भिंती?

मुंबईत ससून डॉकच्या गोदामांत २०१७ मध्ये झालेला कलाप्रकल्प किंवा वांद्र्यातल्या इमारतीवरचे दादासाहेब फाळके, या अर्थाचं स्ट्रीट आर्ट वर्ध्यात शोधू नये. योगायोग असा, की भारतातल्या सर्वात गाजलेल्या भित्तिचित्रांपैकी एकात वर्ध्याचाच माणूस आहे. २०१४ मध्ये दिल्लीतल्या तेव्हाच्या पोलीस मुख्यालयाच्या उंच भिंतीवर गांधीजींचं भव्य चित्र काढण्यात आलं. हेंड्रिक बाइकिर्श हा जर्मन चित्रकार आणि अनपू वर्की यांनी ते साकारलं.

सेवाग्राममधलं भिंतीवरचं काम याच्या नेमकं उलट आहे. ते वीतभर अंतरावरून बघायचं असतं. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला राहायला आले. या गावाचं सेवाग्राम असं नामकरण १९४० मध्ये झालं. इथली बापू कुटी मुळात मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेली. माती, बांबू, लाकूड आणि कौलं हेच तिचं साहित्य. भिंतीच्या ओल्या मातीतच मीराबेन यांनी उठावात शिंदीची झाडं आणि चरखा घडवला आहे. रंग नाही, सही नाही. दारातून तिरका उजेड आला की झाडांचे बुंधे भिंतीतून पुढे आल्यासारखे वाटतात. भर दुपारी ते जेमतेम दिसतात, त्यामुळे सकाळी लवकर जाणं बरं. ज्या झाडाच्या नीरेवर मगनवाडीत प्रयोग चालले, तेच झाड पाच-सात मैलांवरच्या या भिंतीवर आहे, हे लक्षात आलं की कुटीत थोडा जास्त वेळ जातो.

रस्त्यावरून जाणाऱ्या साध्या माणसाला चित्र दिसलं पाहिजे, हा आजच्या स्ट्रीट आर्टचा दावा. नेमकं हेच गांधीजींनी चित्रकार नंदलाल बोस यांच्याकडून करून घेतलं होतं. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. त्याची सजावट बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून केली. १९३८ मध्ये गुजरातमधल्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चारशेच्या आसपास चित्रं काढली. मातीच्या रंगांत, कागदावर, आणि विषय शिंपी, सुतार, ढोलकीवाला, स्वयंपाक करणारी बाई असे. ती दालनात न टांगता कमानींवर, मंडपांवर, येण्याजाण्याच्या वाटेवर लावली गेली. स्ट्रीट आर्ट ही अलीकडे परदेशातून आलेली कल्पना आहे, असं म्हणणाऱ्यांना हरिपुऱ्याची चित्रं एकदा दाखवायला हवीत.

सेवाग्राम परिसरात भंगारातल्या लोखंडातून उभारलेली गांधीजी आणि विनोबांची मोठी शिल्पंही आहेत. फोटो तिथेच जास्त निघतात, हेही सांगायला हवं.

दुसरा दिवस पवनारचा. वर्ध्याहून नागपूर रस्त्यावर, धाम नदीच्या काठी विनोबा १९३८ मध्ये राहायला आले. आश्रमाच्या जमिनीत खोदकाम करताना एकामागून एक प्राचीन शिल्पं निघत गेली. त्यात राम-भरत भेटीचं शिल्पही होतं. ही शिल्पं आज आश्रमातच बघायला मिळतात. इतिहासकार वा. वि. मिराशी यांनी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असं मत मांडलं होतं. शिल्पं त्याच काळातली, म्हणजे साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची मानली जातात. १९५९ मध्ये इथे विनोबांनी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. ते आजही भगिनींचा आश्रम म्हणून चालतं, त्यामुळे आवाज आणि कॅमेरा दोन्ही बेताने वापरावेत.

परतताना गोपुरीतलं गीताई मंदिर चुकवू नये. १९८० मध्ये उभ्या राहिलेल्या या मंदिराला छप्पर नाही आणि आत मूर्ती नाही. गीताईचे अठरा अध्याय दगडी शिळांवर कोरून त्या उभ्या केल्या आहेत. वाचत वाचत चालायचं, एवढंच तिथे करायचं असतं. शेजारीच जपानी भिक्षू फुजी गुरुजी यांच्या प्रेरणेतून उभा राहिलेला विश्वशांती स्तूप आहे.

खर्च किती, जायचं कसं?

या सहलीत मोठा खर्च रेल्वेच्या तिकिटाचाच. सेवाग्राम आश्रम, पवनार, गीताई मंदिर कुठेही तिकीट काढावं लागत नाही. आश्रमासमोरच्या यात्री निवासात साधी, स्वच्छ राहण्याची सोय आहे. एसी आणि रूम सर्व्हिस हवी असेल तर वर्धा शहरातलं हॉटेल बघावं. शहरातून आश्रम आठेक किलोमीटरवर आहे आणि ऑटो मिळतात. तीन-चार जण असाल तर दोन दिवसांसाठी एकच ऑटो ठरवणं स्वस्त पडतं.

एक गफलत मात्र नेहमी होते. ‘सेवाग्राम’ नावाचं रेल्वे स्थानक म्हणजे आश्रम नव्हे. पूर्वी वर्धा पूर्व म्हणून ओळखलं जाणारं हे स्थानक दिल्ली-चेन्नई मार्गावर आहे आणि तिथून आश्रम काही किलोमीटर दूर आहे. मुंबई-हावडा मार्गावरच्या बहुतेक गाड्या ‘वर्धा जंक्शन’ला थांबतात. तिकीट काढताना दोन्ही नावं तपासावीत, नाहीतर परतीची गाडी एका स्थानकावर आणि प्रवासी दुसऱ्यावर, असा प्रकार होतो.

एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा कुटीच्या मातीचा गारवाही पुरत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, आणि नीरेचाही हंगाम थंडीतलाच. ती प्यायची तर सकाळीच. दुपारी कोणी ‘ताजी नीरा’ म्हणून पुढे केली आणि तिला आंबूस वास येत असेल, तर ती घेऊ नये. संध्याकाळी आश्रमाच्या मोकळ्या मैदानात सर्वधर्म प्रार्थना होते. तिला कोणीही बसू शकतं. आणि गाडी पकडण्याआधी गोरस भांडारातून गोरसपाकाचं पाकीट घ्यावं. गायीच्या तुपातलं हे खुसखुशीत बिस्कीट वर्ध्याबाहेरच्या नातेवाइकांकडून हमखास मागवलं जातं, त्यामुळे एक पाकीट पुरत नाही.