बरकतपुऱ्यात की बरकतपुरामध्ये?

हैदराबादेतील आजोबा ‘बरकतपुऱ्यात राहतो’ म्हणतात. नातू म्हणतो, ‘बरकतपुरामध्ये’. फरक लहान वाटतो, पण मराठीचे व्याकरण तेथेच आहे. प्रत्यय लागण्यापूर्वी आपली भाषा नामाचे सामान्यरूप करते. इंग्रजी शब्दांनाही तिने हाच नियम लावला: टेबलावर, ऑफिसात, कॉलेजाचा. ‘बस’सारखे काही शब्द मात्र ‘बसमध्ये’, ‘बसचा’ असे न बदलताच रुळले.

तेव्हा इंग्रजी शब्द आले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. खरा धोका ‘पुण्याला’चे ‘पुणेला’ होण्यात आहे. सीमाभागात ज्यांची शाळा दुसऱ्या भाषेत, त्या मुलांच्या तोंडी ही रूपे केवळ कानावर पडूनच टिकतात. मुले चुकली तर हसू नका. त्यांच्याशी घरात नीट मराठी बोला.