तळे, मंडई आणि बाग

महाड नगरपरिषदेच्या ताब्यातल्या जागांची यादी काढली, तर चवदार तळ्याचे नाव सगळ्यांत वर येईल. चार-पाच एकरांचे हे तळे, भोवती रस्ता, रस्त्यापलीकडे घरे. ज्या संस्थेने मंडई झाडायची, दिवाबत्ती पाहायची, तिच्याकडेच हे पाणीही सोपवलेले. सार्वजनिक जागा सांभाळणे म्हणजे काय, याचा धडा महाराष्ट्रातल्या क्वचितच दुसऱ्या नगरपालिकेला इतका महाग पडला असेल.

सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात ठराव मांडला आणि सरकारी पैशाने चालणारे पाणवठे अस्पृश्यांना मोकळे करण्याचे ठरले. जानेवारी १९२४ मध्ये महाडनेही तसा ठराव केला. पण तो वहीतच राहिला. तीन वर्षांत एकही ओंजळ भरली गेली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंसह तळ्यावर पाणी प्यायला गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस सत्याग्रहाच्या बाजूचे होते, तरी सनातन्यांच्या दबावाखाली नगरपालिकेने त्याच वर्षी ४ ऑगस्टला ठराव मागे घेतला. डिसेंबरात प्रकरण कोर्टात गेले. तळे खासगी आहे, असे सनातनी वादी म्हणत होते. कोर्टाने ते नगरपालिकेचे ठरवले. अस्पृश्यांना मज्जाव करणारी पूर्वापार रूढीही वादींना सिद्ध करता आली नाही. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला.

महाडचा कारभार आज १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने चालतो. शेजारच्या पोलादपूरच्या नगरपंचायतीलाही तोच लागू आहे. या कायद्यात मंडई, तळी आणि विहिरी आवश्यक कर्तव्यांत येतात. बाग मात्र ऐच्छिक. म्हणून पैसा आटला की कात्री आधी बागेला लागते, आणि बाकांना रंग देण्याचे काम पुढच्या अंदाजपत्रकावर ढकलले जाते.

बाजाराचे गणित वेगळे. सावित्रीच्या खाडीमुळे महाड हे जुन्या व्यापाराचे बंदर. घाटावरचा माल इथे उतरायचा. पोलादपूरहून आंबेनळी घाट महाबळेश्वरकडे चढतो. आता खाडी मागे पडली, महामार्ग पुढे आला. पण वाड्यावस्त्यांवरून मेमध्ये करवंदे-जांभळे आणि पावसाळा लागताच शेवळे, टाकळा, भारंगी घेऊन येणारी बाई आजही बसायला सावली आणि पाणी शोधते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिला हक्क दिला आहे: शहर विक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून यावेत, आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात.

तेव्हा बाग आणि बाजार यांचा विचार एकत्र करणे शहाणपणाचे. बागेच्या कडेला ठरलेल्या वारी भाजीबाजार भरवावा. ओटे, छप्पर, नळ, स्वच्छतागृह आणि कचऱ्याची सोय असावी. जमणाऱ्या बाजार फीतून बागेची देखभाल व्हावी. माणसांची वर्दळ असेल तर बागेची नासधूसही कमी होते.

जागा मात्र पाण्याला विचारून निवडावी लागेल. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. तालुक्यातले तळिये गाव दरडीखाली गेले. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. ज्या सखल जागेत दुकान टिकत नाही, तिथे झाडे आणि गवत टिकते. पूर ओसरला की बाग पुन्हा वापरता येते. पक्के ओटे उंचावर आणि बाग पाण्याच्या वाटेवर, हीच वाटणी इथे खरी.

ठराव करणे सोपे असते, हे महाडने १९२४ मध्येच पाहिले आहे. पुढच्या वेळी नगरपरिषद बागेचा किंवा मंडईचा ठराव करील, तेव्हा नागरिकांनी एवढेच विचारावे: तिथे कोण बसणार, हे ठरवताना त्या बसणाऱ्याला सभेत बोलावले होते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो ठराव पुन्हा सभेपुढे आणायला लावावा.