दिवाणखान्याचा हिशेब

दांडिया बाजारातले आमचे वडिलोपार्जित तीन मजली घर विकावे, असे आम्ही तिघा भावांनी २०२२ साली ठरविले. घरात राहत होतो मी एकटाच. मधला पुण्याला, धाकटा सुरतेला. तेव्हा गिऱ्हाईक दाखविण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. दलाल अनुभवी गृहस्थ. तो म्हणाला, "काका, गळके नळ बदला, बंद पडलेली बटणे चालू करा, भिंतींना साधा पांढरा हात द्या. बाकी काही करू नका." मला हा सल्ला दरिद्री वाटला. माझी सारी भिस्त दिवाणखान्यावर होती.

हा दिवाणखाना मी २००६ साली फंडाचे चार लाख रुपये घालून सजविला होता. तुळया झाकणारे प्लास्टरचे छत आणि त्यात लपविलेले दिवे, भिंतींना प्लायवूडच्या फळ्या, एक अख्खी भिंत व्यापणारे काचेचे कपाट आणि समोर मखमलीसारखा तांबडा कागद. हा कागद आमच्या सौभाग्यवतींनी स्वतः चार दुकाने हिंडून निवडलेला. सागवानी नक्षीच्या खांबांना मी पांढरा तैलरंग दिला आणि जागा वाढावी म्हणून लगतच्या चौकावर पत्रा घातला. पाहुण्यांत वाहवा झाली. तो खर्च मी मनातल्या मनात घराच्या किमतीत जमा धरून ठेवला होता.

तिसरे की चौथे गिऱ्हाईक एक कापडाचे व्यापारी होते. बरोबर पत्नी आणि वृद्ध वडील. बाई दिवाणखान्याच्या दारात उभ्या राहिल्या, वर पाहिले, भिंतीकडे पाहिले आणि मला विचारले, "आ बधुं काढतां केटला दिवस लागे?"

बडोदेकराला याचे भाषांतर नको. माझे चार लाख त्या एका प्रश्नाने जमेच्या बाजूवरून खर्चाच्या बाजूला जाऊन बसले. घेणारा आपल्या हौसेचे पैसे देत नाहीच, उलट ती मोडायची मजुरी किमतीतून वजा करतो. आणि हौस जितकी आपल्या अंगाबरोबर बेतलेली, तितकी ही मजुरी मोठी. पांढरी भिंत कोणालाही चालते. तांबडी मखमल चालायला तांबड्या मखमलीचाच शौकीन भेटावा लागतो.

पण खरे नुकसान पुढेच होते. व्यापाऱ्यांबरोबर आलेल्या मिस्त्रीने परवानगी मागून प्लायवूडची एक फळी उचकटली. मागे गिलाव्याचे पोपडे, पांढरा क्षार आणि वाळवीची मातकट वाट. जुन्या घरांच्या भिंती विटा-चुन्याच्या. जमिनीतली ओल त्यांत चढते आणि उघड्या चुन्यातून वाळूनही जाते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा, तैलरंग किंवा फळ्या ठोकल्या की ओल आतच कोंडते, आणि ओल्या लाकडाइतके वाळवीला प्रिय दुसरे काय! चौक झाकल्यामुळे माजघरात भर दुपारी दिवा लावावा लागत होता. तेही मिस्त्रीने बोलून दाखविले. छताने दीड फूट उंची खाल्ली होती. खांबांची तीच कथा. जुन्या सामानाचा एक व्यापारी नुसते खांब आणि चौकटी घ्यायला आला होता; त्यानेही नक्षीत बसलेला माझा रंग खरवडण्याचा खर्च आधी कापला.

घरात एकच सुधारणा अशी निघाली की जिने सौदा पुढे सरकला. आईचे गुडघे दुखू लागले तेव्हा १९९४ साली तिने हट्टाने तळमजल्यावर न्हाणीघर व संडास बांधून घेतला होता. भिंतीला धरायला लोखंडी दांडी. त्या वेळी आम्ही तिघेही कुरकुरलो होतो. व्यापाऱ्यांचे वडील आत गेले, दांडी धरून पाहिली आणि बाहेर येऊन मुलाला म्हणाले, "आ सारुं छे." त्यानंतर बोलणी लाखांवरून हजारांवर आली.

सरकारी हिशेब तर याहून रूक्ष. जंत्री जमीन आणि बांधकाम चौरस मीटरवर मोजते. मखमलीला तीत रकाना नाही. प्राप्तिकरात २००१ च्या १ एप्रिलनंतर केलेली कायमची सुधारणा घराच्या मूळ किमतीत मिळविता येते, पण रंगरंगोटी, डागडुजी आणि सुटे सामान तीत बसत नाही. छताचे कदाचित बसले असते. पावत्या कोणी जपल्या होत्या!

आतल्या सजावटीने घर मोलाचे होतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्याच गावातला भाऊ तांबेकरांचा वाडा भिंतींवरच्या चित्रांसाठी पुरातत्त्व खात्याने जपला आहे. पण तो विकत घ्यायची सोय नाही, आणि माझा दिवाणखाना जपायला कोणतेही खाते येण्याची चिन्हे नव्हती.

वाटणीच्या दिवशी मी आपले चार लाख आधी बाजूला काढावेत असा विषय काढला. दलालासमोर काढायला नको होता. धाकटा गप्प राहिला. मधला शांतपणे म्हणाला, "दादा, त्या दिवाणखान्यात सोळा वर्षे तू बसलास. त्याचे भाडे आम्ही मागितले का?" मला राग आला, आणि तो बरेच दिवस टिकला, आमचे दोन-तीन महिने टेलिफोनवरही बोलणे नव्हते. मग मला आठवले की आईच्या न्हाणीघराचा सारा खर्च त्याने एकट्याने, पुण्याहून मनीऑर्डरी करून भागविला होता आणि वाटणीत त्याचा उच्चारही केला नव्हता. फोन मीच केला.

दस्त झाल्यावर काही दिवसांनी आम्ही दोघे त्या बाजूने गेलो. चौकावरचा पत्रा निघाला होता. उघड्या दारातून माजघरातले ऊन दिसत होते. तांबड्या कागदाची भेंडोळी रस्त्याकडेला विटांच्या तुकड्यांत पडली होती. सौभाग्यवतींनी ती पाहिली. मीही पाहिली. मग आम्ही भाजी घ्यायला पुढे गेलो.