पाच धावांची आघाडी

फेब्रुवारी २०१९, नागपूरजवळचं जामठा. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विदर्भाच्या बिनीच्या फलंदाजांकडून फारसं काही झालं नव्हतं. यवतमाळ जिल्ह्यातला अक्षय कर्णेवार खाली खेळायला आला आणि नाबाद ७३ धावा करून गेला. दोन्ही हातांनी फिरकी टाकणारा गडी म्हणून तो आधीच कौतुकाचा विषय होता. त्या दिवशी बॅट बोलली. विदर्भ ३१२, सौराष्ट्र ३०७.

पहिल्या डावाची आघाडी पाच धावांची. यष्टिरक्षकामागे ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला तर मिळतात तेवढ्याच! पुढे आदित्य सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले, सौराष्ट्रच्या पुजाराला दोन डावांत मिळून एकच धाव करू दिली आणि विदर्भ ७८ धावांनी जिंकला. म्हणून त्या पाचांकडे कुणी वळून पाहिलं नाही. पण सामना अनिर्णित राहिला असता, तर करंडक त्यांच्याच जोरावर मिळाला असता.

विजेता ठरवायचा कसा, हा वाद आपल्याकडचाच आहे असं नाही. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा राष्ट्रीय विजेता अनेक वर्षं मैदानावर ठरतच नसे. पत्रकार आणि प्रशिक्षक मतं देत. १९९७च्या हंगामात मिशिगन आणि नेब्रास्का असे दोन विजेते निघाले. २०१४च्या हंगामापासून चार संघांची बाद फेरी आली. २०२३मध्ये एकही सामना न हरलेलं फ्लोरिडा स्टेट त्या चारांबाहेर राहिलं आणि पुढच्याच वर्षी संघ बारा झाले. तिकडचं भांडण आत कोणाला घ्यायचं याचं. आपलं, आत आलेल्यांचा सामना संपलाच नाही तर काय करायचं याचं.

जुन्या काळी याला उत्तर होतं: संपेपर्यंत खेळा. १९४८-४९च्या हंगामात पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांची उपांत्य लढत तशीच झाली. दोघांनी मिळून २,३७६ धावा केल्या. आज एवढी सवड ना खेळाडूंना, ना मंडळाला. १९५७-५८पासून विभागवार साखळी आली, विदर्भही त्याच हंगामात रणजीत उतरला. पहिल्या डावाच्या आघाडीला साखळीत गुण मिळतात, हे मला पटतं. बाद फेरीत मात्र तीच आघाडी अख्खा सामना देऊन टाकते.

२०२४-२५चा केरळ पाहा. उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरवर एका धावेची आघाडी, उपांत्य फेरीत गुजरातवर दोन धावांची. गुजरातच्या शेवटच्या फलंदाजाने मारलेला चेंडू शॉर्ट लेगच्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात गेला. गोलंदाज होता आपलाच सरवटे, तेव्हा केरळकडून खेळणारा. म्हणजे इथेही हेल्मेटच!

अंतिम सामन्यात पुन्हा जामठा. दानिश मालेवारच्या १५३ धावांच्या बळावर विदर्भ ३७९. सचिन बेबी ९८वर गेला आणि केरळ ३४२. आघाडी ३७. सामना अनिर्णित राहिला आणि तिच्याच जोरावर करंडक विदर्भाला.

माझं मत सांगतो, विदर्भाचा असूनही. अंतिम सामन्याला सहावा दिवस द्या. तरीही निकाल लागला नाही, तर साखळीत जास्त निर्णायक विजय कोणाचे ते पाहा. त्या हिशेबानेही विदर्भच जिंकला असता: त्याचे सातपैकी सहा विजय, केरळचे तीन. यात खोट आहे. जास्त विजयांचा संघ पहिल्या चेंडूपासून सामना अनिर्णित ठेवण्यासाठी खेळू शकतो. पण मग दुसऱ्याला दोन्ही डाव जिंकण्यासाठीच खेळावे लागतील. केरळला एकेक धाव मोजत ३७९च्या पुढे जायचं एवढंच काम उरलं नसतं.

प्रत्यक्षात दुसऱ्या डावात करुण नायरने १३५ केल्या. पाचव्या दिवशी विदर्भाला जिंकायची गरजच नव्हती. जामठ्याची सवयीची खेळपट्टी, सरवटे जुन्या सोबत्यांना षटकांमागून षटकं टाकतोय, चार बळीही मिळवतोय, आणि ते बाद झाले काय, न झाले काय, फरक पडत नाही. ९ बाद ३७५ झाल्या आणि दोन्ही संघांनी हात मिळवले.