कळत नाही, तरी कानातून जात नाही

डिसेंबर उजाडला की ‘टॉप टेन’ची साथ येते. जो तो आपापली यादी घेऊन फिरतो. माझा फंडा वेगळा आहे. वर्षाचं संगीत त्याच वर्षी मोजायचंच नाही. त्याला निदान एक उन्हाळा-पावसाळा पाहू द्यायचा. फोन बदलला, हेडफोनची एक बाजू गेली, ॲपने ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणत शेकडो गाणी गळ्यात मारली, आणि तरीही जे उरलं, ते त्या वर्षाचं!

२०२४चं माझ्याकडे जे उरलंय ते बहुतेक सगळं ॲनिमेतलं नाहीतर व्हिडिओ गेममधलं आहे. ‘म्हणजे कार्टूनची गाणी?’ असं विचारणारा एक तरी महाभाग प्रत्येक ऑफिसात असतो. हा लेख खास त्याच्यासाठी. बाकीच्या फॅन मंडळींनी भांडायची तयारी ठेवा, कारण तुमचं आवडतं गाणं यात नसण्याची शक्यता बरीच आहे.

आधी धिंगाणा

सुरुवात सोप्या पेपरने करू. ‘क्रीपी नट्स’ या जोडीचं ‘ब्लिंग-बँग-बँग-बॉर्न’. जानेवारी २०२४मध्ये ‘मॅशल’च्या दुसऱ्या सीझनचं शीर्षकगीत म्हणून आलं आणि बघता बघता जगभरातली पोरं त्यावर खांदे उडवत नाचायला लागली. जपानच्या बिलबोर्ड हॉट १००च्या वार्षिक यादीत ते २०२४मध्ये पहिलं आलं. ‘मॅशल’ची गोष्ट काय? जादूगारांच्या शाळेत शिरलेला, जादूचा ज पण न येणारा पोरगा. जादू नाही तर नाही, दंड आहेत ना! म्हणजे हॅरी पॉटरच्या वर्गात तालमीतला पैलवान. अशा गोष्टीला बासरी-व्हायोलिन कशाला हवंय? तिथे हवा जर्सी क्लबचा धडधडता ठेका आणि त्यावर आर-शितेईची तोफ. हा माणूस रॅपच्या जुगलबंद्या जिंकून वर आलाय, आणि त्याचा जोडीदार डीजे मात्सुनागा २०१९मध्ये डीजेंच्या जागतिक स्पर्धेत विजेता ठरला. दोघांचं काम इतकं चोख आहे की गाणं टाइमपास वाटतं, आणि टाइमपास वाटणारं गाणं बनवणं हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे.

ऑक्टोबर २०२४मध्ये याच जोडगोळीने ‘दंदादान’साठी ‘ओतोनोके’ केलं. ‘ओतो’ म्हणजे आवाज. ‘मोनोनोके’ म्हणजे झपाटणारं भूत. दोन्ही जोडलं की झालं आवाजाचं भूत! माझं मत विचाराल तर हे गाणं पहिल्यापेक्षा सरस आहे. पहिलं नाचवतं. हे झपाटतं.

गुरुजी, जरा फास्ट!

आता तो नेहमीचा प्रश्न. ‘तुला त्यातलं कळतं काय?’ नाही कळत. पण मला सांगा, सत्यनारायणाच्या पूजेत गुरुजी सुपरफास्ट गाडी सोडतात तेव्हा तुम्हाला त्यातलं किती कळतं? तरी त्या लयीने घराचं वातावरण बदलतंच की नाही?

शोजी मेगुरो या संगीतकाराने नेमकी ही गोष्ट पकडली. ‘पर्सोना’ मालिकेच्या खेळांना त्याने दिलेलं जॅझी संगीत फॅन लोकांना तोंडपाठ आहे. ११ ऑक्टोबर २०२४ला आलेल्या ‘मेटाफर : रीफँटाझिओ’मध्ये मात्र त्याने सगळा नूर बदलला. राजे, किल्ले, राक्षस असा मामला. लढाई सुरू झाली की ऑर्केस्ट्रा उसळतो, आणि त्यावर एक माणूस श्वास न घेता मंत्र म्हणत सुटतो. तो माणूस म्हणजे खरोखरचा जपानी बौद्ध भिक्खू! आणि भाषा? एस्परान्तो. वॉर्साच्या झामेनहोफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने १८८७मध्ये जगापुढे मांडलेली, कुठल्याही देशाची नसलेली भाषा. म्हणजे युरोपात जन्मलेली भाषा, बौद्ध पठणाचा ढंग आणि प्लेस्टेशनवरची लढाई. कागदावर हे मिश्रण हास्यास्पद दिसतं. कानावर पडलं की अंगावर काटा येतो.

यातली गंमत म्हणजे हे संगीत खेळातल्या नायकालाही ऐकू येतं. त्याच्यासोबतची परी सुरुवातीलाच जादू करते आणि त्याच्या कानात सूर वाजायला लागतात. लढाईच्या धामधुमीत मन ताळ्यावर राहावं म्हणून. सकाळी ८.५२च्या फास्टमध्ये शिरण्याआधी हेडफोन चढवणाऱ्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको.

सात मात्रांचा जुगार

फेब्रुवारी २०२४मध्ये ‘बालात्रो’ आला आणि अनेकांची झोप गेली. पत्त्यांचा खेळ. पोकरसारखे हात लावायचे आणि जोकर जमवत गुण फुगवत न्यायचे. कॅनडातल्या एकाच माणसाने, तेही खरं नाव न सांगता, बनवलेला. संगीत लुईएफ या टोपणनावाने काम करणाऱ्या संगीतकाराचं.

आता संगीत म्हणजे किती? धून एकच! तिची पाच रूपं. दुकानात गेलात की एक, मोठ्या डावात दुसरं, पत्त्यांची पाकिटं फोडताना आणखी वेगळी. पण पाचही एकाच वेळी आतल्या आत चालू असतात. खेळ फक्त एकाचा आवाज हळूच कमी करून दुसऱ्याचा वाढवतो. त्यामुळे धून कुठे तुटत नाही, परत पहिल्यापासून सुरू होत नाही आणि तुम्हाला उठायला सांधाच सापडत नाही. ‘एकच डाव’ म्हणून बसलेल्याला रात्रीचे दोन कधी वाजले ते समजत नाही.

त्यावर कडी म्हणजे ताल. ही धून सात मात्रांची आहे. आपल्याकडे सात मात्रा म्हटलं की रूपक. बालात्रोमध्ये काही रूपकाचा ठेका नाही, तिथे सिंथेसायझर पाण्याखाली वाजल्यासारखा डुलतो. पण टेबलावर बोटांनी मोजून बघा. चारचार मात्रांच्या गाण्यात ओळ संपली की आपणही टेकतो. इथे आठवी मात्रा आता येईल असं वाटतं आणि तेवढ्यात नवं आवर्तन सुरू झालेलं असतं. टेकायला जागाच नाही. रूपकातलं एखादं भावगीत ऐकताना पुढच्या आवर्तनात आपण असेच ओढले जातो, नाही का?

बाकी २०२४मध्ये गाजलेलं बरंच काही मी यादीत घेतलेलं नाही. ‘सोलो लेव्हलिंग’चं हिरोयुकी सावानोचं संगीत जिममध्ये झकास, पण ट्रेडमिलवरून उतरलं की माझ्यापुरतं संपतं. ‘सायलेंट हिल २’च्या नव्या आवृत्तीत अकिरा यामाओकाने स्वतःच्याच २००१च्या सुरांना पुन्हा हात घातलाय. उत्तम आहे, पण रात्री एकट्याने ऐकायची माझी टाप नाही. ‘द कलर्स विदिन’ मात्र सोडवत नाही. नाओको यामादाचा सिनेमा, केन्सुके उशिओचं संगीत. शाळकरी वयाची तीन पोरं जुन्या चर्चमध्ये बँड जमवतात. त्यातला रुई थेरेमिन वाजवतो. हात न लावता, नुसते हवेत हलवून वाजवायचं वाद्य! एकमेकांशी धड बोलता न येणाऱ्या पोरांच्या गोष्टीत याहून योग्य वाद्य कुठलं असणार?

आता जरा गप्प बसू

यादी जमली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. २०२४मधलं जे मला सगळ्यात खोलवर लागलं, ते सगळं गेलेल्या माणसांबद्दलचं होतं. ठरवून निवडलं नव्हतं. तसंच उरलं.

‘फ्रीरेन’ घ्या. २०२३च्या सप्टेंबरअखेर सुरू झालेली, मार्च २०२४पर्यंत पहिला सीझन चाललेली ॲनिमे. राक्षसराजाला मारून चार मित्र परत येतात, इथे गोष्ट सुरू होते. दहा वर्षांचा प्रवास संपलाय. त्यातली फ्रीरेन हजार वर्षांहून जास्त जगलेली एल्फ, तिच्या लेखी दहा वर्षं म्हणजे एक वीकेंड. ती निघून जाते, पन्नास वर्षांनी येते, तर तिचा मित्र हिमेल म्हातारा झालेला. आणि लवकरच तो जातो. त्याला मूठमाती देताना ती रडते. का? दहा वर्षं सोबत असून आपण या माणसाला ओळखून घ्यायचा प्रयत्नच केला नाही म्हणून.

याचं पार्श्वसंगीत इव्हान कॉलचं. अमेरिकेत वाढलेला, बर्कलीत शिकलेला आणि नंतर जपानमध्ये जाऊन राहिलेला. ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’मध्ये टाइपरायटरची खटखट तालवाद्यासारखी वापरणारा तो हाच! ‘फ्रीरेन’मध्ये तो आयरिश लोकसंगीताच्या वळणाने जातो. मोठा प्रसंग आला की ऑर्केस्ट्रा वाढवायचा हा धंद्याचा सरधोपट नियम. कॉल अनेकदा उलटं करतो. हिमेलची एखादी साधी, अगदी फालतू आठवण निघते, तेव्हा सूर भरून येतात. राक्षस मरतो तेव्हा नाही. एखाद्याला बरं वाटावं म्हणून केलेली छोटीशी गोष्ट, कुणाला तरी दिलेलं फूल, तिथे. माणूस गेल्यावर आपल्यालाही त्याचं प्रमोशन आठवत नाही. चहात बिस्किट बुडवायची त्याची पद्धत आठवते.

दुसऱ्या टप्प्याचं शीर्षकगीत ‘योरुशिका’चं, नाव ‘हारू’. जपानीत हारू म्हणजे वसंत. पण त्यांनी ते आभाळ निवळण्याच्या अक्षराने लिहिलंय. एका शब्दात ऋतूही आणि उघडीपही. ही जोडी चेहरे दाखवत नाही, त्यामुळे ऐकताना समोर फक्त आवाज राहतो.

‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’ २९ फेब्रुवारी २०२४ला आला. मूळ खेळ १९९७चा. त्यात एरिथ नावाची फुलं विकणारी मुलगी मरते. तीस-चाळीस तास तुमच्या सोबत चाललेली, तुम्ही शस्त्रं घेऊन दिलेली, लढाईत औषध पाजलेली मुलगी. त्या क्षणी नोबुओ उएमात्सूने जे केलं त्याला तोड नाही. ती मरते आणि लगेच राक्षसाशी लढाई सुरू होते. अशा वेळी लढाईचं संगीत वाजायला हवं. वाजत नाही. एरिथचीच शांत धून चालू राहते. बटणं दाबायची, वार करायचे आणि कानात तीच. सिनेमात आपण दुसऱ्याचं दुःख बघतो. इथे हात आपले असतात. ‘गेमचं संगीत म्हणजे नुसतं बॅकग्राउंड’ म्हणणाऱ्यांनी ही पाच मिनिटं खेळून दाखवावीत!

‘रीबर्थ’मध्ये काय होतं ते सांगणार नाही, स्पॉयलर देणारे माझ्या डोक्यात जातात. पण जुना खेळ खेळलेला प्रत्येक जण पुढचं माहीत असल्याच्या धास्तीने तो खेळत होता. आणि उएमात्सूने या खेळासाठी नवं गाणं केलं, ‘नो प्रॉमिसेस टू कीप’. लॉरेन ऑलरेडच्या आवाजात. (‘द ग्रेटेस्ट शोमन’मधल्या ‘नेव्हर इनफ’मागचा आवाज तिचाच.) खेळात ते एरिथ रंगमंचावर उभी राहून गाते. १९९७मध्ये तिला बोलायला आवाजसुद्धा नव्हता, पडद्यावर नुसती अक्षरं उमटायची. २७ वर्षांनी ती गातेय. तेव्हा कॉलेजात असलेली, आता घराचे हप्ते भरणारी मंडळी यावर रडली असतील तर हसू नका.

शिवाय या खेळात पियानो आहे. कंट्रोलरच्या दोन काड्या म्हणजे दोन हात. एकेका दिशेला एकेक सूर. सराव केलात तर एरिथची धून स्वतः वाजवता येते. बोटं चुकतात, लय जाते, परत करावं लागतं. मी त्यावर अख्खा रविवार घालवला आणि तो वाया गेला असं मला अजून वाटत नाही.

शेवटचा ‘लुक बॅक’. सिनेमा जेमतेम ५८ मिनिटांचा. जून २०२४मध्ये जपानात लागला. फुजिनो आणि क्योमोतो, चित्रं काढणाऱ्या दोन शाळकरी मुली. एक शहाणी आणि चढेल, दुसरी घराबाहेर न पडणारी. दोघी मिळून मांगा काढायला लागतात, मोठ्या होतात, वाटा वेगळ्या होतात. आणि मग कला शिकणाऱ्यांवर एक माथेफिरू हल्ला करतो. तात्सुकी फुजिमोतोची मूळ मांगा १९ जुलै २०२१ला प्रसिद्ध झाली. त्याच्या आदल्याच दिवशी क्योटो ॲनिमेशनवरच्या हल्ल्याला दोन वर्षं झाली होती. १८ जुलै २०१९ला एका माणसाने त्या स्टुडिओला आग लावली आणि ३६ जण गेले. टेबलाशी बसून चित्रं काढणारी माणसं. वर उल्लेख केलेला ‘व्हायोलेट एव्हरगार्डन’ त्याच स्टुडिओचा. ‘कलर्स विदिन’ची यामादा पूर्वी तिथेच काम करायची.

‘लुक बॅक’चं संगीत हारुका नाकामुराचं. पियानो, थोडी तारवाद्यं, बस. पावसात फुजिनो आनंदाने वेड्यासारखी उड्या मारत घरी जाते, तो प्रसंग या वर्षातला माझा सगळ्यात आवडता. शेवटी ‘लाइट साँग’ सुरू होतं. गायिकेचं नाव उरारा. पडद्यावर नावं सरकत असतात आणि मागे पाठमोरी फुजिनो टेबलाशी बसून काढत असते. काढतच असते. खिडकीतला उजेड बदलत जातो, ती उठत नाही. जपानी येत असो वा नसो, तिथे काय चाललंय ते कळायला सबटायटल लागत नाही.

सिनेमा नोव्हेंबर २०२४मध्ये प्राइम व्हिडिओवर आला. बघाल तेव्हा एकच करा. नावं सुरू झाली की ही ॲप्स पडदा कोपऱ्यात ढकलून ‘पुढे काय बघणार?’ म्हणून मागे लागतात. रिमोट हातात धरून ठेवा, आणि तो चौकोन आला की आधी त्याला घालवा.