माळवदावरची माती

माझ्या फुफीचं सासर किल्लारीजवळच्या खेड्यात. पाच खणांचं घर, वर माळवद. शहरातल्या मंडळींना माळवद ठाऊक नसेल. तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी नवी माती घालायची. जुनी सहसा कुणी काढत नसे. अब्बा दर उन्हाळ्यात बहिणीकडे जायचे ते या टोपल्या वाहायला. घर थंडगार राही. ओझंही दरसाल वाढे, पण ते कोण मोजतो?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतींचं विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाच्या नकाशावर हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याचा होता! भिंती दोन-दोन हात जाड, पण आतबाहेर दगडांचे दोन पदर, मध्ये भराव. पदरांना बांधून ठेवणारा आडवा दगड नाही. पदर फाकले, तुळया सुटल्या आणि वर्षानुवर्षांची माती झोपलेल्यांवर आली. लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली.

फुफी तिसऱ्या दिवशी सापडली. दफन उरकून परतताना अब्बांनी एवढंच विचारलं, "माझ्या हातच्या किती टोपल्या असतील रे?"