जुन्या जीपची कंबर तपासा, मगच पैसे मोजा

ऊसतोडीचा हंगाम आटोपून माणसे गावी परतली, उचल फिटून हाती चार पैसे उरले, की बीड, केज, धारूरकडच्या घरांत विषय निघतो: पोराला एखादी जुनी जीप घेऊन द्यावी का? विचार चांगला आहे. पण विकणारा आपल्याला काय दाखवतो? नवा रंग, नवे सीट, काळेभोर टायर. आमचे सांगणे एवढेच, की आधी गाडीखाली वाका.

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. या घराण्यातल्या जीपचा सांगाडा, म्हणजे चेसिस, शिडीसारखा असतो. दोन लांब पोलादी दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. इंजिन, बॉडी, माणसे, सगळा भार या शिडीवर. (२०१४ पर्यंत बनलेल्या अॅम्बॅसिडरला अशी वेगळी शिडी नाही. तिथे बॉडी हाच सांगाडा, म्हणून तिचे बसणे दारांच्या फटींतून ओळखावे लागते.) वर्षानुवर्षे जादा माणसे भरली, खड्ड्यांत आदळली, चिखल साचून आतून गंज धरला, की हे दांडे मध्ये वाकतात किंवा मागे झुकतात. अशी गाडी धारूरच्या घाटात वळणावर दगा देऊ शकते.

तपासायला मोठे यंत्र लागत नाही. घरात कोणी गवंडी असेल तर त्याचीच अवजारे पुरतात: ओळंबा, पाण्याची नळी, टेप, दोरा आणि खडू.

गाडी रिकामी करून सपाट फरशीवर उभी करा. चारही टायरांत ठरलेली हवा भरा. आधी पाटे बघा. पाटा तुटला किंवा बसला असेल तर गाडी झुकलेली दिसते, पण चेसिस सरळ असते. पाटे बदलणे हे त्यामानाने स्वस्तातले काम.

मग दोन्ही दांड्यांवरच्या सारख्याच जागांवरून ओळंबा सोडा, खाली खडूने खुणा करा आणि खुणांचे दोन्ही कर्ण मोजा. घराचा पाया आखताना गवंडी हेच करतो. कर्ण जुळले नाहीत तर शिडी तिरकी झाली. पाण्याच्या नळीने डाव्या-उजव्या दांड्याची उंची ताडून बघा. दोन्ही दांडे सारखेच बसले असतील तर ही मापे जुळतात आणि फसगत होते. म्हणून दांड्याच्या सरळ भागाखाली दोरा ताणून मधले अंतर मोजा, आणि ते कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तकातल्या मापाशी जुळवा. शेवटी छोट्या हातोडीने दांडे ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पोलाद शाबूत. बद्द आवाज आला, पापुद्रे पडले, तर गंजाने पोखरले आहे.

दुरुस्ती मात्र जाणत्या मिस्त्रीचीच. चेसिसची दोन्ही टोके साखळीने घट्ट बांधून मधून हायड्रॉलिक जॅकने हळूहळू उचलतात. पोलाद सोडले की थोडे मागे येते, म्हणून दर वेळी जॅक ढिला करून पुन्हा मोजावे लागते. घाईने गॅसने लाल करून ठोकले तर त्या जागी पोलाद नरम पडते. भेग असेल तर तिच्या टोकाला बारीक छिद्र पाडून ती थांबवतात, मग वेल्डिंग करून वरून पट्टी जोडतात. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नका, भक्कम घोडी लावा. दांडाच सडला असेल तर पट्टी म्हणजे मलमपट्टी. अशी गाडी घेऊच नका.

कागदही बघा. चेसिसवर कोरलेला नंबर नोंदणी पुस्तकाशी जुळला पाहिजे. तो घासलेला दिसला तर व्यवहार तिथेच थांबवा. आणि ५० वर्षांवरची गाडी २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदली असेल तर ती भाड्याने चालवता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

ही मापे घ्यायला एक सकाळ पुरते. विकणाऱ्याने ती घेऊ दिली नाहीत, तर उत्तर मिळाले असे समजा. घाम गाळून जमवलेला पैसा आहे. तो रंगावर नाही, पोलादावर लावा.